पावसाळी धुक्यातलं तळं कृष्णधवल केलं की सगळं मळकट करडं का येतं?

करडी_छटा

नमस्कार मंडळी,

दृश्य असं: भुरभुर पाऊस, पाण्यावर धुकं, जवळ होडी बांधायचा लाकडी खांब, पलीकडच्या काठावर झाडांची रांग आणि तिच्या मागे डोंगराच्या एकामागे एक दोन कडा. डोळ्याला हे सगळं थरांत दिसतं. फोटो कृष्णधवल केला की मात्र एकच करडा पडदा उरतो.

सध्याची पद्धत: फुल फ्रेम कॅमेरा, २४-७० लेन्स, ट्रायपॉड, ॲपर्चर प्रायॉरिटी, एफ/१६ (लेन्सचं छिद्र बरंच लहान), आयएसओ १००, ऑटोफोकस, पोलरायझर (चमक मारणारा फिल्टर) कायम लावलेला, फाईल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल). नंतर संगणकावर डीहेझ (धुरकटपणा कमी करणारी पट्टी) ५०-६० पर्यंत ओढलं की डोंगर दिसायला लागतो, पण झाडांभोवती पांढरी किनार येते, आकाशात पट्टे पडतात आणि दाणेही (नॉईज) उठतात.

चूक फोटो काढताना होते आहे की नंतर? लाल फिल्टरने धुकं कापता येतं असं वाचलं, ते इथे चालेल का? आणि १० स्टॉपचा एनडी (शटर जास्त वेळ उघडं ठेवता यावं म्हणून लावायची गडद काच; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) घ्यावा का?

---

काठावरचा_बगळा

दोन्हीकडे. आधी काढतानाचं बघू.

कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या दृश्याला मध्यम करडं धरून चालतो. धुकं मध्यम करडं नसतं, त्याहून एक-दीड स्टॉप उजळ असतं. मीटरवर सोडलंत तर तो धुक्याला खाली ओढून करडं करतो, आणि नंतर ते वर उचलताना दाणे दिसतात. तुमच्या आकाशातले अर्धे दाणे इथूनच आले असणार. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ठेवून सुरुवात करा आणि हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ छटा किती ते दाखवणारा आलेख) बघा. धुक्यात त्याचा डोंगर अरुंद असतो, डावीकडून उजवीकडे पसरलेला नसतो. हा अरुंद डोंगर पट्टीच्या उजव्या तिसऱ्या भागात यायला हवा, पण उजव्या भिंतीला टेकता कामा नये. धुकं सरकत असेल तर मीटर दर फोटोला वेगळं सांगतो, तेव्हा एकदा एक्स्पोजर ठरलं की सरळ मॅन्युअलवर जा.

कॅमेऱ्यात पिक्चर स्टाईल मोनोक्रोम ठेवा. रॉमध्ये रंग शाबूत राहतात, पण पडद्यावर कृष्णधवल दिसत असल्याने थर सुटे होतायत की नाही हे जागीच कळतं. त्या स्टाईलचा कॉन्ट्रास्ट मात्र कमी करून ठेवा. पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉचा नसतो, त्या जेपेगचा असतो, आणि कॉन्ट्रास्ट चढवलेला असला की तो उगाच घाबरवतो.

ब्रॅकेटिंग, एचडीआर (वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून एकत्र जोडणं) वगैरेच्या फंदात पडू नका. सूर्य नसताना धुक्यातल्या दृश्याचा एकूण पल्ला चार-पाच स्टॉपच्या आसपास असतो. एका फ्रेममध्ये तो आरामात मावतो.

एफ/१६ सोडा, एफ/८ वर या. एफ/१६ ला डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) धार बोथट होतेच, शिवाय सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण सपाट करड्या आकाशात ठिपका होऊन बसतो. खोलीची चिंता नको. ३५ मिमीवर एफ/८ ला ५ मीटरवर फोकस केलंत तर अडीच मीटरपासून अनंतापर्यंत पुरेसं धारदार येतं. २४ मिमीवर तेच अंतर साधारण २.४ मीटर. तसंही मागचा डोंगर धुक्याने पुसलेलाच आहे, धार लागते ती खांबाला.

ऑटोफोकसला कडा लागते, धुक्यात ती नसते, म्हणून मोटर पुढे-मागे घरघरत राहते. लाइव्ह व्ह्यूमध्ये खांबाची कड १० पट मोठी करा, हाताने फोकस लावा आणि रिंगला हात लावू नका. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद.

---

नेगेटिव्ह_पॉझिटिव्ह

लाल फिल्टरचं उत्तर: नाही चालणार.

ती युक्ती कोरड्या, निळसर धुरकटपणासाठी आहे. तिथले कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असतात आणि निळा प्रकाश जास्त विखुरतात, त्यामुळे निळा अडवला की लांबचं स्पष्ट होतं. धुक्याचे थेंब काही मायक्रॉन ते काही दशक मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुकं पांढरं दिसतं ते त्याचमुळे. लाल काच लावली तरी पांढऱ्यातलं लाल तितकंच विखुरलेलं असतं; हाती काही लागत नाही आणि तीन स्टॉप प्रकाश मात्र जातो. इन्फ्रारेडमध्ये बदललेला कॅमेराही दाट धुक्यापलीकडचं दाखवत नाही.

हाच नियम सॉफ्टवेअरमधल्या रंगपट्ट्यांना. ढगाळ उजेडात दृश्यात रंगच कमी, त्यामुळे लाल-निळ्याच्या पट्ट्या ओढून फार फरक पडत नाही. हिरवा-पिवळा १५-२० ने खाली आणलात तर जवळची झाडं किंवा लव्हाळी थोडी गडद होतील, तेवढं उपयोगी. निळी पट्टी जोरात ओढू नका. त्या चॅनेलमध्ये दाणे जास्त, आणि किनारीही तिथूनच फुटतात.

पोलरायझर काढून ठेवा. तो पाण्यावरची चमक सगळ्यात जास्त मारतो ती पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशाच्या कोनातून पाहिल्यावर, म्हणजे जवळच्या पाण्यावर. तुम्हाला तर खांबाचं प्रतिबिंब हवंय, आणि तेच तो खातो. ढगाळ आकाशावर त्याचा परिणाम शून्य. वर दीड ते दोन स्टॉप जातात ते वेगळेच. पायाशी ओले दगड चकाकत असतील तेव्हा लावा, एरवी पिशवीत.

---

उजळ_बाजू

आता संगणकावरचं. डीहेझ काय करतं? फिकटपणा किती आहे याचा अंदाज घेऊन तो वजा करतं आणि उरलेला फरक ताणतं. धुक्याच्या फोटोत वजा करायला निघालात ते म्हणजे फोटोचा विषयच. दूरच्या डोंगरात मुळात फरक अगदी थोडा, तो ताणला की त्याच्याबरोबर दाणेही ताणले जातात. त्यामुळे पूर्ण फोटोवर डीहेझ शून्य. माझं मत विचाराल तर सगळ्यात मागच्या थरावर मास्क करून (म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून) ते उणे ५-१० न्यायला हरकत नाही. मागचं मागे गेलं की पुढचं आपोआप पुढे येतं.

फोटो मळकट वाटतो कारण त्यात खरा काळा कुठेच नाही. डोळ्याला एक टेकू लागतो. जवळच्या खांबाचा ओला भाग काळ्याच्या अगदी जवळ न्या, बाकी काहीही तिथपर्यंत नेऊ नका. ० ते २५५ च्या पट्टीवर सुरुवातीला असं धरून चला: खांब १०-२०, झाडांची रांग ८० च्या आसपास, पहिली कड १४०, दुसरी १९०, धुकं २२५-२३५. कोरा २५५ कुठेही नको, छापल्यावर तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. आकडे दृश्यानुसार हलतील, पण शेजारच्या दोन थरांत २५-३० चा फरक राहिला नाही तर ते एकमेकांत मिसळतात.

हे साधायला नेहमीचा एस आकाराचा कर्व्ह (छटा गडद-उजळ करायची रेष) चालत नाही. तो मधला भाग ताणतो, आणि तुमचे टोन बसलेत उजवीकडे. हिस्टोग्रामचा ढीग जिथे आहे त्याच्या दोन्ही टोकांना कर्व्हवर एकेक बिंदू टाका. उजवा तिथेच ठेवा, डावा खाली ओढा. रेष फक्त तेवढ्या भागात उभी होते आणि फरक नेमका थरांमध्ये वाढतो. यानंतर खांबासाठी वेगळा मास्क आणि त्यात काळा.

पांढरी किनार क्लॅरिटीनेही (कडांजवळचा फरक वाढवणारी पट्टी) येते, एकट्या डीहेझने नाही. दोन्ही साधनं कडेच्या आजूबाजूचा भाग बघून काम करतात. गडद झाड आणि फिकट धुकं जिथे भेटतात तिथे उजळ पट्टी सुटते. क्लॅरिटी द्यायचीच तर फक्त खांबाला, मऊ कडेच्या ब्रशने.

पट्टे पडतात ते ८ बिटमुळे. रॉमधून बाहेर काढताना १६ बिट टिफ ठेवा, जेपेग अगदी शेवटी. तरी पट्टे दिसले तर आधी १०० टक्के मोठं करून बघा, कधीकधी ते फक्त छोट्या प्रीव्ह्यूत असतात. खरेच असतील तर शेवटी थोडा ग्रेन टाका. सपाट छटा त्याने तुटतात आणि पट्टा दिसेनासा होतो.

---

काठावरचा_बगळा

एनडीचं राहिलं होतं. समजा मूळ शटर १/१५ सेकंद. ३ स्टॉपने अर्धा सेकंद, ६ स्टॉपने साधारण ४, १० स्टॉपने ६८. धुकं जर सेकंदाला एक मीटर सरकत असेल तर ४ सेकंदांत ते चार मीटर जातं. त्याहून लहान जे काही आकार आहेत, पाण्यावरचे झुपके, खांबाला वेढलेली शेपटी, ते सगळे पुसले जातात. ६८ सेकंदांत तर झाडांच्या रांगेपुढून गेलेल्या सगळ्या धुक्याची सरासरी उरते. १० स्टॉप घेऊ नका. आकार हवा असेल तर पाव ते एक सेकंद पुरे.

---

शेवाळ

बगळेबुवांशी अर्धाच सहमत. धुक्याला आकार असेल तेव्हा त्यांचं बरोबर. पण पुष्कळदा धुकं एकसारखं पसरलेलं असतं आणि पाणी वाऱ्याने खरबरीत झालेलं असतं. तेव्हा लहरींचे हजार तुकडे खांबाशी भांडतात. तिथे ३० सेकंद ते एक मिनिट दिल्याने पाणी गुळगुळीत होतं आणि खांब एकटा उभा राहतो. होडी मात्र चौकटीत नको, ती डुलते. डीएसएलआर असेल तर लांब एक्स्पोजरला मागची आयपीस झाका, तिथून प्रकाश शिरतो.

पाऊस दाखवायचा असेल तर हिशेब उलटा. २ मिमीचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटरने पडतो. १/६० ला त्याची ११ सेंटीमीटरची रेघ येते, १/५०० ला जेमतेम सव्वा सेंटीमीटर. रेघा फक्त गडद पार्श्वभूमीवर दिसतात, धुक्यासमोर पाऊस अदृश्य. म्हणून झाडांची रांग मागे घ्या, १/६० ते १/१२५ ठेवा आणि आयएसओ ८०० पर्यंत खुशाल वाढवा. पाण्यावरची थेंबांची वर्तुळं गोठवायला १/२५० च्या पुढे.

लेन्सबद्दल एक सुचवणी. २४ मिमीवर डोंगर बोटभर होतो आणि कोरं आकाश अर्धी चौकट खातं. ७०-२०० असेल तर थर एकावर एक रचल्यासारखे येतात आणि आकाश कापता येतं.

---

करडी_छटा

खूप उपयोगी. दोन गोष्टी आणखी: लेन्सवर वाफ धरते, पुसली की मिनिटात परत. आणि ट्रायपॉड चिखलात हळूहळू बसतो.

---

शेवाळ

पुसून जाणार नाहीच. काच हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड आहे तोवर पाणी धरत राहणार. थंड खोलीतून किंवा गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की हे होतं. बॅगेची चेन बंद ठेवून बाहेर २०-३० मिनिटं ठेवा, मग उघडा. तरीही धरत असेल तर ताऱ्यांचे फोटो काढणारे वापरतात तो पॉवर बँकवर चालणारा हीटर पट्टा लेन्सभोवती गुंडाळा. काच हवेपेक्षा एक-दोन अंश गरम राहिली की पुरतं. फिल्टर आणि लेन्सच्या मधे धरलेली वाफ बाहेरून पुसली जात नाही, फिल्टर काढावाच लागतो.

धुक्यात लेन्स बदलू नका. ज्या झूमची नळी बाहेर येते तिचं झूम सारखं पुढे-मागे करू नका, प्रत्येक वेळी ती दमट हवा आत ओढते. हूड लावा, दोन फोटोंच्या मधे कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे. थेंब पडला तर आधी कापडाच्या टोकाने टिपा, मग पुसा. घासलं की चिकट थर पसरतो. मायक्रोफायबर चार तरी न्या, पहिलं दहा मिनिटांत ओलं होतं. प्रत्येक फोटोनंतर धुक्याचा भाग मोठा करून बघायची सवय लावा. काचेवरचा थेंब फोटोत फिकट डाग होतो आणि तो धुक्यातच लपतो.

ट्रायपॉडचा एकेक पाय हाताने दाबून चिखलात रोवा, त्याचं बसणं संपलं की मग कॅमेरा चढवा. फारच मऊ असेल तर प्रत्येक पायाखाली चपटा दगड. पाण्यात उभा करायचा असेल तर नेहमीच्या उलट, सगळ्यात खालचा बारीक भाग आधी पूर्ण उघडा. कुलपं पाण्याच्या वर राहतात आणि त्यांत गाळ जात नाही. वाऱ्यात मधल्या दांड्याला बॅग टांगली तर ती जमिनीला टेकलेली हवी, लोंबकळत राहिली तर झोकेच देते.

---

नेगेटिव्ह_पॉझिटिव्ह

कुणी फिल्मवर करत असेल तर थोडक्यात. स्पॉट मीटरने धुकं मोजा आणि दोन स्टॉप उघडा, म्हणजे ते झोन सातवर (मध्यम करड्या झोन पाचपेक्षा दोन पायऱ्या उजळ) बसतं. दृश्य सपाट असल्याने डेव्हलपिंग वाढवा: एचपी५ प्लस ही फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये १+१ (निम्मं पाणी), २० अंशाला एरवी १३ मिनिटं, इथे १६ च्या आसपास. ढवळणं मात्र एकसारखं, दर मिनिटाच्या पहिल्या १० सेकंदांत चार वेळा उलटवणं. यात कुचराई झाली तर पट्टे कोऱ्या धुक्यातच सगळ्यात आधी दिसतात. एका सेकंदापुढे रेसिप्रॉसिटी (लांब एक्स्पोजरला फिल्मची संवेदनशीलता घटते, म्हणून जास्त वेळ) धरा; एचपी५ साठी इलफर्डचा घातांक १.३१, म्हणजे मीटर १० सेकंद म्हणाला तर २०, आणि ३० म्हणाला तर ८६.

---

उजळ_बाजू

@करडी_छटा, जुन्या फाईल्स टाकू नका. एफ/१६ चे धुळीचे ठिपके हील ब्रशने काढा, डीहेझ शून्यावर आणा आणि फक्त कर्व्हचे ते दोन बिंदू लावून बघा. कमी एक्स्पोजरचे दाणे पूर्ण जाणार नाहीत, पण छोट्या आकारात छापायला त्यातल्या काही चालतील.