मदत हवी आहे: जुन्या अध्यापक विद्यालयाचा इतिहास लिहायचाय, पण कोनशिलेच्या पुढे जाता येत नाहीये

नमस्कार मंडळी,

आमच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या अध्यापक विद्यालयाची स्मरणिका निघतेय आणि इतिहासाचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. हाताशी काय, तर प्राचार्यांची यादी, कोनशिलेचा फोटो आणि पाहुण्यांची भाषणं. यातून इमारत कशी उभी राहिली ते कळतं, मास्तर कसे घडले ते नाही.

मोठी चौकट ठाऊक आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यात (कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाच्या पत्रात) शिक्षक तयार करणाऱ्या शाळा काढा, शिकाऊ शिक्षकांना विद्यावेतन द्या, असं होतं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य कृष्णशास्त्री चिपळूणकर होते. पण मला सर्वांत बोलकं वाटतं ते १८८२ सालचं, हंटर आयोगापुढचं (सरकारनं नेमलेल्या शिक्षण आयोगापुढचं) जोतीराव फुल्यांचं निवेदन. प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण, त्यातले थोडेच ट्रेनिंग कॉलेजातून आलेले, पगार क्वचितच १० रुपयांवर, असं ते सांगतात. शिक्षक प्रशिक्षित हवेत, शेतकरी वर्गातून यावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला लाजू नयेत, ही त्यांची मागणी. म्हणजे कुणाला मास्तर करायचं, हा वाद तेव्हापासूनचा. आमच्या विद्यालयात कोण शिकायला आलं, हेच मला शोधायचंय.

अलीकडचा भाग सोपा आहे: अभ्यासक्रमाची बदलत गेलेली नावं, पी.टी.सी., मग डी.एड., डी.टी.एड., आता डी.एल.एड.; १९८६ च्या धोरणानंतर आलेली डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था); खाजगी डी.एड. कॉलेजांचं पेव, भरती थांबल्यावर ओस पडलेले वर्ग. (ओस वर्गांबद्दल स्मरणिकेत लिहू देतील की नाही, देव जाणे.)

तर, जुन्या छात्राध्यापकांची जात, गाव, वडिलांचा धंदा कुठल्या दप्तरात सापडेल? आणि सरावपाठांच्या (छात्राध्यापकांनी शाळेत सरावासाठी घेतलेल्या तासांच्या) नोंदी कुणी जपतं का?

---

प्रतिसाद:

दाखल-खारीज रजिस्टर आधी मागा. जात, जन्मगाव, आधीची शाळा बहुतेक तिथे मिळेल. वडिलांच्या धंद्यासाठी प्रवेश अर्ज चाळावे लागतील. सरावपाठांसाठी कॉलेजात शोधू नका, जोडलेल्या सरावशाळेत जा. तिथलं शेरेबुक आणि लॉगबुक बघा. पाठ टाचणं (पाठाची आधी लिहिलेली तयारी) मात्र संस्था ठेवत नाहीत, ती निवृत्त गुरुजींच्या माळ्यावर असतात.

संस्था स्वातंत्र्यापूर्वीची असेल तर मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल चाळा, ट्रेनिंग कॉलेजांवर त्यात वेगळा मजकूर असतो. मुंबईच्या पुराभिलेखागारातही शिक्षण खात्याचं दप्तर आहे.

जुन्या कागदात ‘थर्ड इयर ट्रेंड’ (तिसऱ्या वर्षापर्यंत प्रशिक्षित) दिसलं तर गोंधळू नका. तेव्हा फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा पायऱ्या होत्या. कोण पहिल्या वर्षानंतरच नोकरीला लागलं आणि कोण तिसऱ्यापर्यंत टिकलं, ते जातीच्या रकान्याशेजारी मांडून बघा.

संस्था मुलींची होती की मुलांची, आणि साल कुठलं, ते सांगा. मग पुढचं सांगतो.