वेडी बाभूळ काढून बांधावर देशी वारारोधक ओळ: आधी काय करावं?

डबरा_मोहरी: मध्य प्रदेशातल्या डबरा गावाजवळचं शेत, मोहरी आणि गहू. पश्चिमेच्या बांधावर १२० मीटर वेडी बाभूळ, ५ मीटर उंच. लू (उन्हाळ्यातला गरम वारा) अडते, पण बांधालगत मोहरी नीट उगवत नाही आणि बाभळीची रोपं शेतात शिरलीत. सगळी एकदम जेसीबीनं काढून देशी झाडं लावली तर? कोणती, किती अंतरावर?

बांधकरी: एकदम नको. नव्या रोपांना पहिले दोन उन्हाळे आडोसा लागतो आणि तो आज फुकटात उभा आहे. जुन्या ओळीपासून शेताकडे ४ मीटरवर नवी लावा, मधे ६० सेंमी खोल चर मारा. चर नसेल तर बाभळीची आडवी मुळं नव्या रोपांचं पाणी पिऊन टाकतात.

खड्डे मे महिन्यात, ४५ सेंमी लांब-रुंद-खोल. प्रत्येकात ५ किलो कुजलेलं शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड. कच्चं शेण टाकलंत की वाळवी आलीच. लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर. चराकडून करवंद १ मीटरवर (१२० रोपं), त्याच्यापासून आणखी २ मीटर शेताकडे हिवर, शमी, कडुनिंब आळीपाळीनं ४ मीटरवर (३० रोपं). हिवर म्हणजे आपल्याकडचा रेवंजा.

करवंद वगळायचा मोह होतो, पण कडुनिंब खालून उघडा राहतो आणि त्या फटीतून वारा उलट जोरानं घुसतो. भिंतीसारखा दाट पट्टाही वाईटच: वारा वरून उडी मारतो, मागे भोवरा होतो, मोहरी आडवी. निम्मा वारा गाळून जाऊ द्या.

कुदळ_फावडं: जुनी ओळ तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये काढा, मोहरी निघालेली असते, बाभळीच्या शेंगा पिकलेल्या नसतात. जमिनीलगत कापलीत तर एका बुंध्याचे दहा फुटवे, कारण डोळे (कोंब फुटायच्या जागा) जमिनीखालीही असतात. भोवती खणून मूळ २०–३० सेंमी खाली तोडा.

फांद्या नीलगायीसाठी काटेरी कुंपण म्हणून वापरा, पण शेंग असलेली एकही नको. शेंगा खाल्लेल्या शेळ्या-गुरांच्या लेंडी-शेणातून बी शाबूत बाहेर येतं, तेव्हा खड्ड्यात घालायचं खत कुठल्या गोठ्यातलं तेही बघा. शेतात उगवलेली बाभळीची रोपं पावसात, माती ओली असताना, वीतभर असतानाच मुळासकट उपटायची. पुढे ती हाताला दाद देत नाहीत.

डबरा_मोहरी: शमीचं रोप आणि वेड्या बाभळीचं, दोन्ही सारखीच दिसतात. खुरपताना शमीच उपटली तर?

बांधकरी: काटे बघा. वेड्या बाभळीचे काटे पान फुटतं तिथेच, बहुधा जोडीनं. शमीचे बारीक, दोन पानांच्या मधल्या फांदीवर विखुरलेले. खुरपणाऱ्या माणसाला दोन्ही फांद्या हातात देऊन दाखवा.

आणि एक राहिलं. जानेवारीत पाला पडतो (झाडाचा नव्हे, गोठलेलं दंव), त्यात कोवळा कडुनिंब शेंड्यापासून करपतो. दोन हिवाळे गवताची झोपडी करा, आग्नेयेकडची बाजू उघडी ठेवून.