आजीच्या भावाच्या कबरीवर नाव लागेल का?

प्रश्न (नागपूर): आजीचे थोरले भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत जमादार होते. 1944 मध्ये इटलीत पडले. नाव तिथल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे; ते कबर माहीत नसलेल्यांचं, म्हणजे त्यांचीही माहीत नाही. आजी अजूनही दरवर्षी त्यांची राखी देवापाशी ठेवते. बिननावाच्या दगडावर नाव कोरून मिळतं का?

उत्तर: मिळतं! ब्रिटिश सैन्यातले लेफ्टनंट जॉन किपलिंग 1915 मध्ये फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाले, कबरीवर नाव लागलं 1992 मध्ये. दगडावर हुद्दा आणि पलटण होती, तो धागा धरला. या कबरी सांभाळणारा राष्ट्रकुल युद्धकबर आयोग ओळखीसाठी कबर उघडत नाही, कागदी पुरावा बघतो. पलटणीची युद्धदैनंदिनी, म्हणजे रोजच्या हालचालींची नोंदवही, मिळवा.

उत्तर: दादा, अनेक हिंदू, शीख जवानांचं दहन झालं. इटलीतल्या फोर्लीच्या दहन-स्मारकाची यादी पाहिली का?

प्रश्नकर्ता: पाहिली जी, त्यात नाहीत. आता दैनंदिनीच शोधतो. आजीला आजच सांगतो.