'हीलिंग'ला मराठीत काय म्हणाल?

मीनल_ठाणे: अमेरिकेतल्या ब्लॅक शिक्षकांवर लेख लिहितेय ('कृष्णवर्णीय' नको, फार पेपरी वाटतं). शाळेत रोजचे टोमणे, पालकांचा संशय, मीटिंगमध्ये मुद्दा उडवून लावणं, या सगळ्याने जो शीण साचतो त्याला युटा विद्यापीठाच्या विल्यम स्मिथ यांनी 'रेशियल बॅटल फटीग' नाव दिलं. त्यातून बाहेर येणं म्हणजे हीलिंग. 'उपचार' कसं लिहू, त्या बाई काही आजारी नाहीत!

पाटील_सर: 'सावरणं' घ्या की. दोन्हीकडून चालतं, 'बाई सावरल्या' आणि 'शाळेने बाईंना सावरलं'. लेखात दुसरं वाक्य येऊ द्या, नाहीतर शाळा एक ध्यानधारणेचं वर्कशॉप ठेवून मोकळी होते आणि तक्रार आपली फायलीत पडून.

खडूफळा: सर, तोल गेला तर माणूस सावरतो, इथे ढकललंय. १९५४ च्या ब्राऊन निकालानंतर (गोऱ्या नि ब्लॅक मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य, असं तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं) शाळा एकत्र करायच्या म्हणून ब्लॅक मुलांच्या शाळा बंद केल्या, पण तिथले शिक्षक गोऱ्यांच्या शाळांनी घेतलेच नाहीत, दक्षिणेकडच्या नि सीमेवरच्या १७ राज्यांत दहाएक वर्षांत सुमारे ३८ हजार शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मी तर 'भरपाई' म्हणेन.

मीनल_ठाणे: भरपाई म्हटलं की पीकविमा आठवतो हो 😅 बरं अजून एक. तिथले तेव्हाचे शिक्षणमंत्री जॉन किंग २०१६ मध्ये 'इनव्हिजिबल टॅक्स' म्हणाले होते. म्हणजे वर्गात पोरगं दंगा करतंय, पाठवा ब्लॅक सरांकडे, पालकांशी बोलायचंय, तेही त्यांनीच, पैसे शून्य. 'अदृश्य कर' अगदीच कोरडं वाटतंय.

खडूफळा: वेठ!

पाटील_सर: वेठ नको, गुलामगिरीचा इतिहास असलेल्या माणसांबद्दल तो शब्द सहज वापरणं बरं नाही. 'बिनपगारी वरकाम' लिहा, आपल्याकडे जनगणना नि निवडणूक ड्युटी केलेल्या कुठल्याही मास्तरला लगेच कळेल. फरक एवढाच की आपल्याकडे ते सगळ्यांच्याच माथी येतं, तिकडे रंग बघून.

मीनल_ठाणे: वरकाम आवडलं. आणि सिस्टिमिक सपोर्टला, म्हणजे व्यवस्थेनेच द्यायच्या आधाराला, 'पाठबळ'?

खडूफळा: आमच्याकडे पाठबळ आमदाराचं असतं. सरळ लिही ना, शाळेने वरकामाचे पैसे द्यावेत, तक्रारीवर मुदतीत निर्णय द्यावा, या शिक्षकांना आपापसात भेटायला कामाच्या वेळातला तास द्यावा. एका शब्दात कोंबायलाच हवं असं कुठाय?

पाटील_सर: +१. फक्त 'द्यावेत' काढून 'दिले पाहिजेत' करा.