शब्दचर्चा : ‘मयामामा गली’ म्हणजे कुठली गल्ली?

प्रश्न

आईच्या माहेरची एक वही सध्या माझ्याकडे आहे. आजोबा गावातल्या फुलझाडांचा नाद असलेल्या मंडळींचे चिटणीस होते, त्यांच्या सभांची ही वही. गाव तालुक्याचं, अमळनेर-पारोळ्याच्या बाजूचं. पुठ्ठ्यावर ‘जि. पूर्व खानदेश’ छापलंय, म्हणजे १९०६ नंतरची. त्याआधी अख्खा खानदेश एकच जिल्हा होता. आतलं सगळं मोडीत.

दर थंडीत गुलाबांचं प्रदर्शन भरे आणि पहिल्या नंबराला वर्षभर मिरवायला एक पितळी झारी मिळे. एका वर्षी नंबर कुणाचा यावरून दोघं हमरीतुमरीवर आले, सभा मोडली आणि दुसऱ्या दिवशी झारी गायब! आमच्या घरात ही गोष्ट तीन पिढ्या ‘झारीची चोरी’ म्हणून चालत आलीय. संशय कुणाकुणावर घेतला ते लिहीत नाही, त्यांची नातवंडं गावात आहेत आणि लग्नकार्यात भेटतात.

त्या सभेनंतरच्या पानावर, समासात, एकच ओळ आहे. मोडी जाणणाऱ्या एका काकांनी ती अशी लावून दिली : ‘झारी मया मामा गली भिंत’. गावात मयामामा गल्ली नाही. माझ्या मामाने पालिकेचे जुने नकाशेही पाहिले. ‘मया’ हे माणसाचं नाव असू शकतं का? मयाराम वगैरे?

पुण्याहून

आधी झारी कुठली ते ठरवा. पूजेची तोटीची झारी वेगळी आणि झाडांना पाणी घालायची, तोंडाला भोकं असलेली वेगळी. झरणे, झरा, झारा, झारी हे सगळं एकाच घरातलं वाटतं. बुंदी पाडायचा झारा आठवा. बळीने दानाचं उदक सोडायला घेतलेली झारी पहिल्या प्रकारची. तिच्या तोटीत शुक्राचार्य जाऊन बसले, दर्भाची काडी आत गेली आणि त्यांचा एक डोळा गेला.

जाता जाता, ‘झारीतला शुक्राचार्य’ हा शब्दप्रयोग हल्ली कुठल्याही लबाड माणसाला लावतात, ते बरोबर नाही. शुक्राचार्य चोर नव्हते. ते बळीचेच गुरू, त्याच्याच भल्यासाठी पाणी अडवून बसलेले. आपल्यातला असून आतून अडवतो तो झारीतला शुक्राचार्य.

प्रश्नकर्ती

बागेचीच. वहीत एका ठिकाणी ‘भोकाची झारी’ म्हटलंय. आणि एक उपप्रश्न. आजोबा मंडळाला कधी ‘बगीचा मंडळी’ म्हणतात, कधी नुसतं ‘बागवाले’. ‘बागवान’ एकदाही नाही. तो शब्द जास्त सुटसुटीत नव्हता का? शिवाय ते ‘वकिलांचा बाग’ लिहितात, बाग पुल्लिंगी. चूक की काय?

नाशिकहून

चूक नाही. बाग पूर्वी सर्रास पुल्लिंगीही चाले. मुंबईतला राणीचा बाग जुनी माणसं अजून तसाच म्हणतात. बगीचा म्हणजे मुळात लहान बाग. फारसीतला ‘चा’ लहानपण दाखवतो, देगचा आणि गालिचा यांतला तोच. आता मात्र उलटं झालंय. पालिकेचं ते उद्यान, दारामागची ती परसबाग, आणि बगीचा कुठलाही. बागवान म्हणजे फारसीत माळीच, पण आपल्याकडे फळं-भाजी विकणाऱ्या समाजाचं ते नाव झालं. गुलाबांची हौस असलेले वकील-मास्तर स्वतःला बागवान कशाला म्हणवून घेतील?

धुळ्याहून

विषय ‘मया’चा आहे म्हणून विचारतो, त्या मंडळींची झाडं कुणाच्या पाण्यावर होती ते लिहिलंय का? आमच्या पांझरा नदीवर फड बागायत. बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, आणि पाणी कुणाला कधी ते पाटकरी बघणार. तमाशाचा फड, उसाचा फड सगळ्यांना माहीत. हा फड खानदेशाबाहेर सांगावा लागतो. विहिरीवरचा असेल तर मळा.

चोपड्याहून

धुळ्याच्या जिभाऊंनी ‘मळा’ म्हटलं आणि उत्तर तिथंच देऊन टाकलं!

ताई, काकांनी अक्षरं बरोबर वाचली, तोडली चुकीच्या जागी. मोडीत शब्दाशब्दात जागा सोडत नाहीत. आधी वरची रेघ मारून घ्यायची आणि खाली अक्षरं लटकवत जायची. ओळ आहे ती ‘झारीमयामामागलीभिंत’. आता ती ‘मयामा’पाशी तोडा.

झारी मयामा, मागली भिंत.

अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा डोया, काळा काया, जळगाव जयगाव. तसा मळा मया. आणि आत दाखवायला ‘त’ऐवजी ‘मा’ : घरमा, वावरमा, मयामा. झारी मळ्यात आहे, मागच्या भिंतीशी. तुमचा मयामामा जन्मालाच आला नव्हता.

पुण्याहून

तोड छान. पण ‘ळ’चा ‘य’ होतो तर ‘मागली’तला ‘ल’ का टिकला?

चोपड्याहून

कारण तो ‘ल’ आहे, ‘ळ’ नाही. फूल फूलच राहतं.

यावलहून

‘ळ’चा ‘य’ आमच्या लेवा बोलीतही आहे. ओढाळचं वढाय बहिणाबाईंमुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. पण आम्ही मयात म्हणू, मयामा नाही. म्हणजे ओळ लिहिणारा नक्की अहिराणी बोलणारा. त्या दोन भांडणाऱ्यांपैकी आमच्या बाजूचा कुणी असेल तर त्याला सोडून द्या.

प्रश्नकर्ती

होता. एक जण रावेरकडचा, आणि सगळ्यात जास्त संशय त्याच्यावरच होता! बिचारा.

पण आता मला दुसरंच सुचतंय आणि ते लिहायला जीवावर येतंय. समासातलं अक्षर आजोबांचंच आहे. त्यांची सगळी वही शुद्ध पुस्तकी मराठीत, ‘सर्वानुमते ठरले की’ अशी. मग ही एकच ओळ अहिराणीत का?

धुळ्याहून

बाकीची वही मंडळासाठी, ही ओळ स्वतःसाठी. आपण हिशेब इंग्रजीत मांडतो आणि पैसे मनातल्या मनात मराठीत मोजतो ना? तसंच. आजोबांचा मळा होता का?

प्रश्नकर्ती

नदीकाठी, वांग्यांचा. विहीर होती.

पुण्याहून

म्हणजे दोघांच्या भांडणात झारी कुणालाच मिळू नये म्हणून चिटणिसांनीच ती दडवली. चोर नव्हेत. मंडळ फुटू नये म्हणून आतून अडवून बसलेले. मी वर काय लिहिलं होतं?

प्रश्नकर्ती

मान्य, शुक्राचार्य आमच्याच घरचे.

मळा आता राहिलेला नाही, त्यावर प्लॉट पडले. तरी काल रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं : मोडी, ‘ळ’चा ‘य’, मागली भिंत, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘भोकाची पितळी झारी ना? ती आई मळ्यातून घरी घेऊन आली होती. रोज तुळशीला पाणी घालायची तिनं.’’ म्हणजे सगळं गाव शोधत असताना झारी आमच्या अंगणात सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालू होती. शोधणाऱ्यांपैकी निदान चार जण त्या अंगणात चहा पिऊन गेले असतील.

मग आता कुठे आहे, विचारलं. आई एरवी माझ्याशी अहिराणी बोलत नाही, पण म्हणाली, ‘‘ती ते मोडमा गयी.’’

नाशिकहून

मोड म्हणजे इथे वजनावर द्यायची तुटकी-फुटकी भांडी. ‘मोडीत निघणे’ त्यातूनच. लिपीशी त्याचा संबंध जोडू नका, कुणीतरी जोडेल म्हणून आधीच सांगतो.

प्रश्नकर्ती

नाही जोडत. झारीच्या बदल्यात स्टीलचे दोन डबे आले होते म्हणे. एक मामीकडे आहे. दुसऱ्यात मी पोहे ठेवते.