नव्या अकाउंटंटचा पगार: ओळखीने वाढतो की घटतो?

ताळेबंद
परीक्षा सुटली, अकाउंटंटांच्या संस्थेचं सदस्यत्व मिळालं, आणि पहिल्याच मुलाखतीत प्रश्न येतो, "अपेक्षा किती?" जाहिरातीत पगाराच्या जागी 'अनुभवानुसार' एवढंच. नव्याचा अनुभव म्हणजे ट्रेनिंगची वर्षं, तिथलं मानधन नाममात्र. तरी तोच आकडा विचारून त्यावर टक्के चढवले जातात. शिकाऊ मानधन हा पगाराचा पाया कसा काय? युरोपीय संघाच्या 2023च्या वेतन-पारदर्शकता निर्देशाने यावर बोट ठेवलंय: सुरुवातीचा पगार किंवा त्याचा पट्टा (किमान ते कमाल) उमेदवाराला आधी सांगायचा, मागचा पगार विचारायचा नाही. सदस्य देशांना मुदत जून 2026ची.

आता ओळखीचं. ओळखीने दार उघडतं हे मान्य, पण पगार त्याच दारात कापला जातो. ज्यांनी शब्द टाकला त्यांचं नाव खराब नको म्हणून पोरगं आकड्यावर घासाघीस करत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

जुनी_खतावणी
मी नेमणारा आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. गुणपत्रिकेवरून कळतं की मानकं पाठ आहेत. गोदामात माल मोजायला पाठवल्यावर हा मागच्या रांगेतलं खोकं उघडून बघेल की स्टोअरकीपरच्या यादीवर मुकाट खुणा करून येईल, हे गुणपत्रिका सांगत नाही. ज्यांच्या हाताखाली तो राबला तेच सांगतात. मी फोन करून एकच विचारतो, "याला क्लायंटकडे एकट्याला पाठवाल का?" उत्तर यायला वेळ लागला की काय ते कळतं.

पगाराचं म्हणाल तर नव्याचा प्रत्येक वर्किंग पेपर (ऑडिटमध्ये काय तपासलं त्याची नोंद) सुरुवातीला सिनियरला पुन्हा बघावा लागतो. तो वेळ क्लायंटच्या बिलात लागत नाही.

डेबिटवाली
साहेब, तुम्ही ज्यांना फोन करता त्यांचा स्वतःचा स्वार्थ काय, हे कधी विचारलंत? माझ्या ट्रेनिंगमधले साहेब सरळ म्हणाले होते, "ऑडिटचा हंगाम संपू दे, मग तुझ्याबद्दल बोलू." कमी पैशात काम करणारं माणूस कोणाला सोडवतं? पुरावा स्वतंत्र स्रोताकडून आला तर जास्त विश्वासार्ह, हे आपणच ऑडिटमध्ये घोकतो. आणि माणूस नेमताना हितसंबंध असलेल्याचा तोंडी शब्द चालतो! त्यापेक्षा एक बिघडलेलं बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचं खातं आणि आपली वही यांचा मेळ, पुढ्यात टाका. तासाभरात कळेल कोण किती पाण्यात आहे.

जुनी_खतावणी
@डेबिटवाली, रिकन्सिलिएशन मीही देतो. त्यातून हात कळतो, नियत कळत नाही.

तिऱ्हाईत
लेखी शिफारसपत्रावर तर कोणी विसंबूच नये. ब्रिटनमध्ये 1994 साली स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अॅश्युरन्स या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ठरवलं की निष्काळजीपणे लिहिलेल्या पत्राने माणसाचं नुकसान झालं तर लिहिणारा मालक जबाबदार धरला जाऊ शकतो. तिथले बरेच मालक आता पत्रात पद आणि तारखा लिहून मोकळे होतात. खरं बोलणं फोनवर, म्हणजे कुठे नोंद नाही आणि उमेदवाराला खोडून काढायची सोयही नाही.

ओळख म्हणजे मामा-काका असंही समजू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1970च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, तेव्हा बहुतेकांची ती ओळख जवळची नव्हती, अधूनमधून भेट होणाऱ्यातली होती. नव्यांनी क्लायंटच्या अकाउंट्स खात्यातली माणसं धरून ठेवावीत. तुमचं काम त्यांनी समोरून पाहिलेलं असतं. भिडेचा प्रश्नही येत नाही.

जुनी_खतावणी
हे पटलं. पण पट्टा जाहीर करायला माझा विरोध कायम. एक तर प्रत्येक जण वरच्या टोकापासून बोलायला लागतो. त्याहून मोठी अडचण आतली. बाजारभाव चढला की नव्याला चढ्या दराने घ्यावं लागतं, आणि दोन वर्षं जुनी मुलं त्याच्यापेक्षा खाली राहतात. पट्टा छापला की दुसऱ्या दिवशी सगळी केबिनबाहेर उभी.

ताळेबंद
मग वर्किंग पेपरचं आणि 'नियत'चं कशाला सांगत होतात? हेच आधी सांगायचं.

नवखा_पण_जुना
त्या केबिनबाहेरच्यांपैकी मी एक. माझ्या हाताखाली आलेल्याचा पगार माझ्याहून जास्त, हे मला त्यानेच सांगितलं, आणि त्याची फाइल तपासायची मीच. वाढ मागितली तर "बजेट नाही." राजीनामा टेबलावर ठेवला तेव्हा त्याच दुपारी बजेट निघालं. मी थांबलो नाही. आता नव्या ठिकाणी रेफरन्स म्हणून त्याच साहेबांचा नंबर मागतायत. देऊ का?