‘लेआउट’ म्हणजे मांडणी, पण ‘पॅक’, ‘ग्रिड’ आणि ‘प्लेस’ला काय म्हणावं?

विचारणा

आठवी-नववीच्या मुलांसाठी पायथनमधल्या टिकिंटरवर (खिडक्या, बटणं वगैरे तयार करायच्या साधनावर) मराठीत टिपणं लिहिते आहे. उदाहरण सरळव्याजाचं घेतलंय. खिडकीत मुद्दल, दर आणि मुदत लिहायला एकाखाली एक तीन जागा, प्रत्येकीच्या डावीकडे तिचं नाव, आणि सगळ्यांत खाली ‘व्याज काढा’ हे बटण. बटण, लेबल हे शब्द मुलांच्या तोंडी आहेत, ते बदलायचे नाहीत. अडलंय ते पुढे. घटक जागेवर बसवायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्हींना ‘मांडणे’ म्हटलं तर फरकच कळत नाही. शिवाय रो-कॉलमला ओळ-स्तंभ म्हणू की रांग-रकाना? पॅडिंग आणि वेटला काय म्हणू?

प्रतिसाद

तिन्हींसाठी क्रियापदं आपल्याकडे आयती आहेत: रचणे, मांडणे, ठेवणे.

‘पॅक’साठी ‘भरणे’ सुचेल, पण ते घेऊ नका. त्याच पद्धतीत ‘फिल’ नावाचा पर्याय आहे, आणि भरणे हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवायला हवा. पॅक करतो काय, तर उरलेल्या मोकळ्या जागेची एक कड धरून घटक लावतो. काही सांगितलं नाही तर वरची कड धरतो. पुढच्या घटकाला त्यानंतर उरलेली जागा मिळते. म्हणजे इथे क्रमाला महत्त्व आहे, आणि क्रमाचा हा अर्थ ‘रचणे’त आहे. विटा रचतात, भांडी रचतात.

‘ग्रिड’ला मात्र मांडणेच हवं. पट मांडतात, डाव मांडतात. पट म्हटला की घरं आलीच. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरं असतात हे मुलांना ठाऊक असतं. म्हणून सेलला खण किंवा कप्पा म्हणण्यापेक्षा ‘घर’ म्हणा. मग ‘स्टिकी’ समजावणंही सोपं होतं: घटक घराच्या कोणत्या भिंतीला चिकटवायचा ते सांगायचं. तिथली अक्षरं दिशांची आहेत आणि नकाशासारखी वाचायची, उत्तर वर, पश्चिम डावीकडे. पूर्व आणि पश्चिम दोन्ही दिल्या, तर घटक ताणला जाऊन घराची रुंदी भरतो.

‘प्लेस’ म्हणजे नुसतं ठेवणे. डावीकडून इतकं, वरून इतकं, संपलं. खिडकी मोठी केली तरी असा मोजून ठेवलेला घटक तिथेच राहतो. सरळव्याजासाठी त्याची गरज नाही.

प्रतिसाद

ओळ आणि स्तंभ. दहावीच्या विज्ञानात आवर्तसारणीच्या ७ आडव्या ओळी आणि १८ उभे स्तंभ येतातच, तेव्हा हीच जोडी पुढे उपयोगी पडेल. रकाना हा शब्द मला फार आवडतो, पण इथे तो घोटाळा करतो. वर्तमानपत्रातला रकाना उभा असतो, आणि अर्जातला ‘रिकामा रकाना’ म्हणजे एकच चौकोन. मुलाला कोणता समजेल याचा भरवसा नाही.

एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहा: मोजणी ० पासून आहे. ‘पहिली ओळ’ असं लिहूच नका, ‘ओळ क्रमांक ०’ लिहा. मुद्दल ओळ ०, दर ओळ १, मुदत ओळ २, बटण ओळ ३. नावं स्तंभ ०मध्ये, लिहायच्या जागा स्तंभ १मध्ये. बटण दोन्ही स्तंभ व्यापतं. स्पॅनला ‘व्यापणे’ हे क्रियापद पुरेसं आहे, त्याचं नाम करायला गेलं की ‘व्याप’ होतो आणि अर्थ भलतीकडे जातो.

विचारणा करणारीकडून

घर आणि ओळ-स्तंभ दोन्ही पटले. पॅडिंगला ‘समास’ चालेल का? वहीत समास सोडायची मुलांना सवय असते.

प्रतिसाद

बाहेरच्या अंतराला चालेल, आतल्याला नाही, आणि टिकिंटरमध्ये दोन्ही आहेत. ग्रिडला दिलेला ‘पॅडएक्स’ घटकाच्या बाहेर डावी-उजवीकडे जागा सोडतो, ‘आयपॅडएक्स’ घटकालाच आतून फुगवतो. त्यात बटण तयार करताना दिलेला ‘पॅडएक्स’ पुन्हा आतला असतो, अक्षरं आणि कड यांच्यामधला. एकच नाव, दोन जागा. म्हणून ‘बाहेरची मोकळीक’ आणि ‘आतली मोकळीक’ असे दोन शब्द ठेवा. शब्द लांब आहेत, पण मुलाला थांबून विचार करावा लागतो.

‘वेट’बद्दल माझं मत ठाम आहे: वजन म्हणू नका, भार म्हणू नका, ‘वाटा’ म्हणा. वजन ३ म्हटलं की मुलं तो स्तंभ तिप्पट रुंद होईल असं धरतात. तसं होत नाही. खिडकी ताणल्यावर जी वाढीव जागा मिळते, तेवढीच वाटली जाते. वाटे १ आणि ३ असतील आणि खिडकी ४०० पिक्सेल वाढली, तर एका स्तंभाला १०० आणि दुसऱ्याला ३०० मिळतील. मूळ रुंदी ज्याची त्याच्याकडे. काहीच सांगितलं नाही तर प्रत्येकाचा वाटा ० असतो, म्हणून खिडकी मोठी केली तरी आतले घटक जागचे हलत नाहीत. तुमच्या उदाहरणात स्तंभ १ला वाटा १ द्या आणि लिहायच्या जागांना पूर्व-पश्चिम चिकटवा. नुसता वाटा दिला तर घर रुंद होईल, जागा मात्र तेवढीच राहील.

प्रतिसाद

चाइल्ड विजेटला, म्हणजे दुसऱ्या घटकाच्या आत बसवलेल्या घटकाला, ‘अपत्य’ लिहिलेलं पाहिलं आहे, कृपया ते नको. पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू असे शब्द रोजच्या वापरात आहेत, तसा ‘पोटघटक’ करा. फ्रेमला चौकट. म्हणजे नियम असा लिहिता येईल: एका चौकटीतले पोटघटक एक तर सगळे रचायचे, नाही तर सगळे मांडायचे. दोन्ही मिसळले तर हल्लीच्या आवृत्त्या चूक दाखवून थांबतात. पूर्वी प्रोग्रॅम तिथेच अडकून पडायचा. खिडकीत दोन चौकटी एकाखाली एक रचून, वरच्या चौकटीच्या आत पट मांडला तर मात्र काहीच अडचण नाही.

आणि ‘तयार करणे’ व ‘मांडणे’ या दोन ओळी टिपणात वेगळ्या ठेवा. बटण तयार केलं म्हणून ते खिडकीत दिसत नाही, मांडल्यावर दिसतं. दोन्ही एकाच ओळीत जोडून लिहिली, तर चलात बटण उरतच नाही, कारण ग्रिड काहीच परत देत नाही. मुद्दल लिहायची जागा अशी जोडून लिहिली, तर ‘व्याज काढा’ दाबल्यावर आकडा वाचताना चूक येते, आणि मुलं ती व्याजाच्या सूत्रात शोधत बसतात.